मिटलेल्या तोंडाचा राक्षस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या कारखान्याचे मालक, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेले साचेवाले काका, विक्री विभागाचे आमचे साहेब, रंगकाम आणि पॅकिंगमधल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि आपापली कामं बाजूला सारून आलेल्या सर्व नातेवाईक मंडळींनो,

माझ्याबद्दल आत्ता जे बोललं गेलं ते ऐकताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, की ही बाई आणखी कोणी आहे की काय. निरोपाच्या दिवशी माणूस सगळ्यांनाच चांगला वाटू लागतो. तरीही ऐकायला बरं वाटलं, हे कबूल करते.

इथे काही पाहुणे असे आहेत, ज्यांना आम्ही नक्की काय करतो हे माहीत नाही. टेबलावर डोंगर, पूल, पडके किल्ले मांडून त्यात बोटाच्या पेराएवढे सैनिक लढवायचे, फासे टाकायचे आणि कोण मेलं ते ठरवायचं, असा हा खेळ. मोठी, कर्ती माणसं तो खेळतात. ते सैनिक आम्ही घडवतो. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगायच्या, "सून बाहुल्या करते." मीही कधी दुरुस्ती केली नाही.

आता अध्यक्षांनी ज्याचा उल्लेख केला, त्या राक्षसाबद्दल. खोक्यावर त्याचं नाव भलंमोठं आहे, पण कारखान्यात सगळे त्याला 'थोरले' म्हणतात. दोन विती उंच. एवढं मोठं काही आपण आधी केलंच नव्हतं. खेळाच्या गोष्टी रचणाऱ्या लेखन विभागाने मला एवढंच सांगितलं होतं, की डोंगराच्या पोटात राहणाऱ्या जमातीतला हा शेवटचा. बाकी तुम्ही बघा.

मी बघितलं. तारेचा सांगाडा केला, त्यावर मातीसारखी मळलेली पुटी चढवली, जबडा फाडला, नखं काढली. अध्यक्ष आले, टेबलाभोवती फिरले आणि म्हणाले, "बाई, मोठा झालाय. भीती वाटत नाही." मी दुसरा केला. त्याचा जबडा आणखी फाडला. अध्यक्ष पुन्हा आले. "हा जांभई देतोय का?" तिसऱ्या वेळी ते दारातूनच बघून परत गेले, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. जो गर्जना करतो तो भीतीदायक, असं धरून मी चालले होते. पण जमातीतला शेवटचा जो उरलाय, तो गर्जना करणार कोणासाठी?

इथे मला थोडं घरचं सांगावं लागेल. माझे यजमान विमा एजंट होते. तुमच्यातल्या जुन्या लोकांना ते आठवत असतील, कारण त्यांनी तुम्हाला विमा उतरवायला लावलाच असेल. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही ते बोलत सुटायचे आणि माणसं ऐकत बसायची. एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले. यंत्रं लावून पाहिली, उपयोग झाला नाही. सुरुवातीला मी पाटीवर लिहून दाखवायचे. पण पाटीवर माणूस काय लिहितो? 'जेवायला चला.' 'गॅसवाला येऊन गेला.' एक दिवस त्यांनी पाटी हातातून घेतली, पुसली आणि कपाटावर ठेवून दिली. म्हणाले, "एवढ्यासाठी नको." त्यानंतर आम्ही एका घरात राहत होतो, एवढंच. आधी येणाऱ्या मित्रांनी काही दिवस हातवारे केले, मग येणंच सोडलं. त्यांना तरी काय बोल लावायचा?

एका संध्याकाळी कामावरून येताना मी घराच्या खिडकीवरून चालले होते. हे आत टेबलाशी एकटे बसले होते. तेवढ्यात रस्त्यावरून लोखंडाने भरलेला ट्रक गेला आणि सगळी जमीन थरथरली. ह्यांनी चटकन हाताचा पंजा टेबलावर सपाट टेकला. मान वळवली. हनुवटी थोडी वर, तोंड घट्ट मिटलेलं. काहीतरी आलंय हे त्यांना कळलं होतं, पण कुठून, ते कळत नव्हतं. ते बघत होते भिंतीकडे. ट्रक दुसऱ्या बाजूने निघून गेला तरी त्यांचा पंजा तिथेच होता.

मी काचेपाशी जाऊन हात हलवला. ते उठले आणि दार उघडलं. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी सांगाडा मोडला आणि थोरल्यांना खाली बसवलं. एक पंजा जमिनीवर सपाट, मान वळलेली, तोंड मिटलेलं. काका, तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात ते आठवतं? "बरं झालं, तीन ठिकाणी टेकलाय, आता कलंडणार नाही." अध्यक्ष मात्र वाकून त्याच्या उंचीला आले. मग हळूच म्हणाले, "हा कानोसा घेतोय. हाच घ्या."

पण आमचे विक्रीसाहेब हसताहेत, म्हणजे पुढचं त्यांना आठवतंय. ते म्हणाले होते, "बाई, तोंड मिटलेला राक्षस कोण विकत घेणार? खोक्यावर दात दिसले पाहिजेत." त्यांचं काम ते करत होते. शेवटी असं ठरलं, की एकाच खोक्यात दोन डोकी द्यायची. एक मिटल्या तोंडाचं, एक गर्जणारं. ज्याला जे आवडेल ते त्याने चिकटवावं. पुढे मी खेळाचे मेळावे हिंडले, तर बहुतेक सगळ्यांनी गर्जणारंच चिकटवलेलं. साहेब, तुमचा अंदाज बरोबर निघाला. मी त्या टेबलांमधून फिरत राहिले. माझं मिटलेलं डोकं लावलेला एखादा दिसला, की लांबूनच बघायचे.

पहिला तयार संच मी घरी नेला. ह्यांनी खोका उघडला, सुटे भाग टेबलावर मांडले आणि जुळवायला बसले. दोन्ही डोकी समोर आली, तेव्हा गर्जणारं बाजूला सारून त्यांनी मिटलेलं उचललं. मानेवर धरून पाहिलं. मग त्या मोठ्या, न सावरलेल्या आवाजात म्हणाले,

"ह्याला ऐकू येत नाही ना?"

कारखान्यात सगळे म्हणाले होते, हा ऐकतोय. मी मान डोलावली.

"कोणी केलं?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे तुला माहीत होतं."

मी भाग घासायचा कागद घेऊन समोर बसले आणि पायांवर ओतकामात उठलेली साच्याची रेघ घासू लागले. त्यांनी डोकं चिकटवलं. पुढे त्यांनी त्याला रंगही दिला, राखाडी, अगदी सावकाश. त्या दिवसांत आम्ही रोज एका टेबलाशी बसलो. त्याने सगळं बदललं, असं म्हणणार नाही. तसं झालं असतं तर मी इथे हे सांगत उभी राहिले नसते.

ते आज आले आहेत. खांबाजवळ, पांढऱ्या शर्टात बसलेत. वळून बघू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल. ओठांवरून त्यांना मोजके शब्द कळतात, पण इतक्या लांबून नाही. निघताना त्यांनी विचारलं, "काय बोलणार आहेस?" मी ओठांनी सांगितलं, "आभार." म्हणाले, "एवढंच?" मी हो म्हटलं. आता घरी गेल्यावर ते विचारणार, की मग इतका वेळ काय चाललं होतं. त्यांना काय सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अध्यक्षांचे, साचेवाल्या काकांचे, साहेबांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-अधिक झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर पोटात घाला. घरी बोलायची सवय सुटली आहे. ऐकणारी इतकी माणसं एकदम मिळाली, म्हणून लांबलं.