पंख्याचं तोंड

पॉलिशवाला : अगं, बोट लावू नकोस!

बायको : वाळलंय हो. बघा ना, कसं कडक लागतंय.

पॉलिशवाला : वरूनच. नखानं जरा दाब... बघितलंस? नुसती साय धरलीय. खाली सगळं ओलं.

बायको : असं कसं? सकाळपासून पंखा सुरू आहे.

पॉलिशवाला : तोंड कुठे होतं पंख्याचं?

बायको : टेबलाकडेच की. भिंत वाळवायची होती का?

पॉलिशवाला : हो, भिंतीकडेच करायचं. ह्या पॉलिशात पाणी असतं. हवा खोलीत फिरत राहिली की ते सावकाश निघून जातं. थेट वारा मारलास की वरचं आधी आवळतं, आतलं पाणी अडकून बसतं. म्हणून पांढुरकं झालंय. आणि खिडकी?

बायको : मीच लावून घेतली. धूळ बसेल म्हणून.

पॉलिशवाला : वा! म्हणजे तीच दमट हवा गोल गोल.

बायको : खोकून खोकून आत्ता कुठे तुमचा डोळा लागला होता. म्हटलं, तेवढीच मदत.

पॉलिशवाला : तुला नाही बोलत मी.

बायको : बोला की. चुकलंय माझं. मी घासून काढते, तुम्ही परत हात मारा.

पॉलिशवाला : आणि वाळणार कधी? संध्याकाळी शोरूमवाल्याचा टेम्पो येईल. काय म्हणाला होता तो?

बायको : हे टेबल वेळेत द्या, मग पुढची सगळी कामं पाण्याच्या पॉलिशात करा.

पॉलिशवाला : आणि नाही दिलं तर?

बायको : ...पुन्हा थिनरचं.

पॉलिशवाला : थिनरचं तासाभरात वाळतं. आत्ता घासलं तर टेम्पो यायच्या आत होईल.

बायको : नाही म्हणून सांगा त्याला!

पॉलिशवाला : मग खायचं काय? दुसरं काय येतं मला?

बायको : डॉक्टरांनी हात जोडले होते हो. आता ती वाफ छातीत गेली तर माझ्या हातात काही नाही म्हणाले.

पॉलिशवाला : मी होतो तिथे. ऐकलंय.

बायको : मी लावते. तुम्ही बाहेर बसून सांगा.

पॉलिशवाला : एकाची छाती गेली तेवढी पुरे.

बायको : अहो, मला भीती वाटते.

पॉलिशवाला : मलाही वाटते. थिनरचा डबा कुठाय?

बायको : फेकला. दवाखान्यातून आलात त्याच दिवशी.

पॉलिशवाला : कुठाय?

बायको : ...जिन्याखाली. पोत्यांच्या मागे.