मागचं तेल

(बेळगाव, खासबाग. रविवारची सकाळ. घरासमोर उभ्या पिकअपच्या मागच्या चाकांमध्ये, तिथल्या गिअरच्या पेटीखाली, सौम्या पाना घेऊन आडवी झालेली. तिचा थोरला भाऊ नागेंद्र बेळगुंदीहून नुकताच आलाय, वाकून बघतोय.)

नागेंद्र : नट सोडू नगंस म्हनतोय न्हवं मी. तेल नवीनच हाय त्यात. मीच घातलंय.

सौम्या : कधी?

नागेंद्र : तुला गाडी द्यायच्या आधी. आठवडा बी झाला नसंल.

सौम्या : मग मागनं आवाज कसला येतोय? वेग घेतला की कण्हल्यासारखं करती.

नागेंद्र : जुनी गाडी हाय, सौम्या. आप्पांच्या हातची. तेवढा आवाज करनारच.

सौम्या : आप्पा होते तवा करत नव्हती. त्यांच्या बरोबर रताळी घेऊन किती खेपा केल्या मी बाजाराला. तिचा आवाज ठाऊक हाय मला.

नागेंद्र : आप्पा जाऊन तीन वर्सं झाली.

सौम्या : म्हणून तर बघतेय. कोपऱ्यावर यल्लाप्पा मेस्त्री हाय, त्यानं काल चक्कर मारली. म्हणाला, आवाज दबल्यासारखा वाटतोय, आधी मागचं तेल काढून बघ. त्या चाकाला दगड लाव जरा.

नागेंद्र : मग त्या मेस्त्रीकडंच द्यायची. भर गल्लीत गाडीखाली झोपायची काय गरज? आमचं पावणं आदर्शराव कुठं हाईत?

सौम्या : मागावर गेल्यात, साड्या विणायला. रविवारी पण माग चालू हाय त्यांचा. आणि यल्लाप्पा गेलाय गावाला. उद्या मला साड्यांचे गठ्ठे घेऊन निपाणीला जायचंय, पहिलीच खेप. दगड लाव म्हटलं.

नागेंद्र : लावला.

सौम्या : वरचा नट आधी. तो सुटला तरच खालचा काढायचा. खालनं तेल सांडून बसलं आणि वरचा सुटलाच न्हाय, तर गाडी जाग्यावर ऱ्हाती... हं, सुटला. परात सरकव इकडं.

नागेंद्र : सौम्या, माझं ऐक. आज नगं. म्होरल्या रविवारी मी येतो, तेलाचा डबा घेऊन येतो, दोघं मिळून बदलू.

सौम्या : तू आज आलासच की. कशाला आलास, अण्णा?

नागेंद्र : कशाला म्हंजे? बहिनीकडं यायला काम लागतंय काय? आईनं रताळी दिल्यात पिशवीभर.

सौम्या : सकाळी आईला फोन केलता मी. बोलता बोलता म्हटलं, आज तेल काढणार हाय. तासाभरात तू दारात. एरवी दिवाळीला बोलावलं तर तुला वेळ नसतोय.

नागेंद्र : तुझा सवभावच संशयी.

सौम्या : बाजूला हो. अंगावर उडंल.

नागेंद्र : सौम्या—

सौम्या : हे काय हाय?

नागेंद्र : तेल. दुसरं काय असनार?

सौम्या : तेल असं पडतंय? पिठल्यावानी गोळं पडाय लागल्यात. बघ, बोटावर घेऊन बघ. हा भुस्सा हाय, अण्णा. लाकडाचा भुस्सा.

नागेंद्र : धूळ गेली आसंल. रस्ता कसा हाय आपल्याकडं, तुला म्हाईत हाय.

सौम्या : दोन्ही नट घट्ट होते. धूळ कुठनं शिरती? ...आणि हे बघ. हे तर तुला ओळखू येईल. क्राउनचा दात हाय, मागची चाकं फिरवणाऱ्या मोठ्या चक्राचा. अर्धा. फोन वाजतोय तुझा.

नागेंद्र : वाजू दे.

सौम्या : उचल. माझे हात तेलकट हाईत म्हणून सांगते, तूच उचल. आणि स्पीकर चालू ठेव.

नागेंद्र : हॅलो, आई, नंतर करतो—

अक्काताई : पोचलास काय रं? तिनं उघडलं न्हाय न्हवं अजून?

सौम्या : उघडलं, आई.

अक्काताई : ...कोन, सौम्या?

सौम्या : व्हय.

अक्काताई : जेवलीस काय गं?

सौम्या : भुस्सा घातलाय हे तुला ठाऊक होतं?

अक्काताई : काय व्हत न्हाय म्हनला गं हा. सगळीच घालत्यात म्हनला, आवाज बसतोय, गाडी चालती. तुला तरास नगं म्हनून... मीच चाळून दिला त्याला. गाठी ऱ्हाऊ नयेत म्हनून.

सौम्या : चाळून दिलास.

अक्काताई : मी काय करू? त्याच्या घरात ऱ्हाते मी. ह्या वयात सुनंसंगं वाद घालू? सौम्या? ...ठेवलास काय रं फोन?

नागेंद्र : ठेवतो, आई.

सौम्या : डिझेलचा डबा दे. आतनं धुवायला लागंल.

नागेंद्र : आईवर राग धरू नगंस. सगळं माझंच चुकलंय. गेल्या पावसाळ्यात सीलमधनं तेल गळत हुतं, कळलंच न्हाय. कोरडी पळवली. क्राउन खाल्ला. नवीन बसवायचा तर तेवढं जमंना, आनि तशी कोन घेनार?

सौम्या : म्हणून बहिणीला दिलीस.

नागेंद्र : तसं न्हवं.

सौम्या : मग कसं? सांग की. मी वाटणी मागायला आलते? तूच आलतास, बायकोला घेऊन. ह्याच घरात चहा पिऊन म्हणालास, सौम्या, शेतातला हिस्सा सोड, त्या बदली आप्पांची गाडी घे. तुझ्या संसाराला हातभार लागंल. यांचा माग कवा बंद पडंल नेम न्हाय म्हणून मी व्हय म्हटलं. गुरुवारी कचेरीत हक्क सोडल्याची सही केली. सही करताना तू माझ्या शेजारी उभा होतास.

नागेंद्र : तू कधी आलीस शेतात? बांध कुठनं कुठं हाय ते तरी सांगशील? मी राबलोय तिथं. उद्या तुझा हिस्सा पावण्यांनी दुसऱ्याला विकला असता, तर मी कुठं जायाचं?

सौम्या : तसं म्हणायचं. राबलोय, मला पायजे, म्हणायचं. फुकट सोडला असता मी. गाडी बी नको म्हटलं असतं.

नागेंद्र : आता म्हनतीस.

सौम्या : व्हय, आता म्हणते. आधी कुणी इचारलं न्हाय... उद्या तवंदीचा घाट हाय वाटंत, तुला ठाऊक होतं. भरलेली गाडी. उतारावर आणखी दोन दात तुटले, क्राउन अडकला, तर मागची चाकं जाग्यावर धरत्यात. हे मी सांगायला नको तुला.

नागेंद्र : लगीच नसतं झालं काय. महिना, दोन महिनं चालली असती.

सौम्या : महिना, दोन महिने.

नागेंद्र : म्हंजे तंवर मी काय तरी केलं असतं. सांगनारच हुतो तुला.

सौम्या : खालचा नट आवळला. नळी धर. वरच्या भोकात. हे नवीन तेल हाय, हळू ओत. बाहेर याय लागलं की थांब.

नागेंद्र : भुस्सा काढलास. आता आवाज डबल येनार.

सौम्या : येऊ दे. उद्याची खेप मी दुसऱ्याला देते. बुधवारी यल्लाप्पा आला की त्याच्याकडं हळूहळू घेऊन जाते.

नागेंद्र : क्राउनचं मी बघतो. ऊस कारखान्याला जाऊ दे, बसवून देतो.

सौम्या : क्राउन नको. उद्या कचेरीत येतोस? सही माघारी घेऊ. गाडी तू घेऊन जा, माझा हिस्सा माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. राब तूच, पीक बी तूच घे. नाव तेवढं ऱ्हाऊ दे.

नागेंद्र : ते आता झालंय गं. परत कशाला कचेरी. लोक काय म्हनत्याल... बास, तेल आलं बाहेर.

सौम्या : काढ नळी. वरचा नट दे.

नागेंद्र : हा घे. नीट आवळ.

सौम्या : आवळते. रताळ्याची पिशवी घेऊन जा तेवढी.

नागेंद्र : आईनं दिल्यात. तिला काय सांगू?

सौम्या : जेवले म्हणून सांग.

नागेंद्र : ...बरं. निघतो मग. ऊन लई झालंय. स्टँडपर्यंत तरी सोड की गाडीनं.

सौम्या : आणखी काय काय सोडू, अण्णा?