पाण्यात शिजवलेलं पापलेट

चौघं मित्र मिळून पिच्छा पुरवताय म्हणून सांगतोय, नाहीतर स्वतःची फजिती कोण सांगतं. डॉक्टरनं माझं तेल बंद केलं. पोरगी नाशिकहून म्हणाली, बाबा, मासा नुसत्या पाण्यात शिजवा. चौकातल्या कोळणीकडून पापलेट आणलं, मीठ-हळद-आलं घालून पातेल्यात सोडलं आणि बायकोला फोन लावला. ती पोरीच्या बाळंतपणाला गेलीय, एका महिन्यासाठी. त्याला सात महिने झाले.

"पाणी उकळतंय का?"

"खदखदा."

"अहो, नुसतं थरथरायला पाहिजे. बघा, मासा सुटला असेल."

झाकण काढलं. मांस सगळं पाण्यात, काटा तेवढा शाबूत.

"आता?"

"कोकम टाका आणि सार म्हणून प्या." हसत होती.

"तू येतेस कधी?"

"नातवाला दात येऊ देत."

"मागं म्हणालीस, मान धरू दे."

तेवढ्यात पोर रडलं, तिनं फोन ठेवला.

सवयीनं ताटं दोन घेतली होती, एक परत ठेवलं. मासा मी बिघडवला, कबूल. पण एका महिन्याचे सात कुणी केले? त्याची माफी मागायचीय तुमच्या शालनवहिनीनं.