नवरदेवाच्या मामाची गाडी

…आधी इंजिन बंद करा. बंद करा हो! इंजिन घुरघुरत ठेवून मला तो आवाज ऐकवताय, म्हणजे बँडवाल्यांच्या मधोमध उभं राहून कानात गुपित सांगण्यातला प्रकार. हां. आता उतरा — हळू, कोट सांभाळा, या दुकानात हात लावाल तिथे ग्रीस आहे. बसा त्या टायरवर. खुर्ची आहे, पण तिच्यावर मांजर आहे, आणि मांजर या दुकानात माझ्या आधीपासून बसतं. राकिया घेणार? घ्या थोडी. मनुकांची दारू आहे, घरची. गाडी चालवायचीय म्हणता? अहो, गाडी चालत असती तर तुम्ही इथे कशाला आला असता? मी स्टानिमिर. आणि तुम्ही कोण ते सांगायची गरज नाही — खांद्यावरून हा एवढा पट्टा, छातीला वऱ्हाडी लावतात ती रोझमेरीची काडी, तोंडावर सगळं लग्न आपल्याच डोक्यावर असल्याचा भाव — नवरदेवाचे मामा तुम्ही. वऱ्हाडातले सगळ्यात मानाचे. आणि वरच्या खिशातून आणखी एक काडी डोकावतेय ती? दोन दोन काड्या? एक वाळली तर दुसरी असावी म्हणून? तुम्ही राजधानीकडची माणसं, फार पुढचं बघता.

तर आवाज. कसा येतो? तोंडाने काढून दाखवा. लाजू नका, इथे दातांच्या डॉक्टरीणबाईंनीसुद्धा मला रेड्यासारखं हंबरून दाखवलंय — बेअरिंग गेलं होतं, आणि बाईंनी इतका हुबेहूब आवाज काढला की मी गाडीखाली न जाता सुटा भाग काढून ठेवला. काढा. — “खस्स… खस्स… खस्स.” छान. घसा चांगला आहे तुमचा. आता सांगा, गाडी पळाली की खस्स पण पळतं? पळतं. आणि इंजिन नुसतं रेस केलं, जागच्या जागी, तेव्हा? गप्प. उतारावर गिअर काढून गाडी सोडली तर? तुम्ही गिअर काढतच नाही? चांगलं वळण आहे हो, तुमच्या आईने लावलेलं दिसतंय. बरं, ब्रेक दाबला की थांबतं? नाही ना — मग ब्रेकची पॅडं नाहीत. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की कट-कट होतं? नाही — मग सांधा शाबूत आहे. डावीकडे वळताना वाढतं, उजवीकडे कमी होतं, असं? तसंही नाही — म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही. बघा, मी अजून टायरवरून उठलो नाही आणि निम्मी गाडी निर्दोष सुटली. तुमच्याकडे एखाद्या चकाचक गॅरेजात गेला असता, तर या सगळ्या निर्दोषांना त्यांनी एकेक करून फासावर दिलं असतं.

मी मेकॅनिक नाही हं. मी दुकानदार. जुन्या गाड्या घ्यायच्या, फोडायच्या, भाग विकायचे. पण काय होतं, माणूस भाग मागायला येतो तेव्हा त्याला जो भाग हवा असतो तो बिघडलेला नसतोच, बिघडलेला दुसराच असतो. मग त्याला तो बिघडलेला भाग विकायचा तर आधी शोधायला लागतो. अशी झाली माझी विद्या. एका पाद्रीबाबांच्या गाडीत वळणावर धप्प आवाज यायचा. चार ठिकाणी दाखवली, सगळ्यांनी सगळं बदललं. मी डिकी उघडली — मिरचीच्या लोणच्याची बरणी. लोळत होती. बरणी काढून घेतली, तीच माझी फी. आणि एका पोस्टमास्तरणीला मी काहीही दुरुस्त न करता मोठ्या आवाजाचा रेडिओ विकला. आजही रस्त्यात भेटली की आशीर्वाद देते.

काय बघताय वर? पाटी? “स्टानिमिर आणि मुलगी.” हो, “आणि मुलगी”. इथे सगळ्यांच्या पाटीवर “आणि मुलगा” असतं, रंगारी दोनदा विचारून गेला होता, चुकून सांगताय का म्हणून. पुसायची राहिलीय. रंग महाग झालाय. — नाही, महाग वगैरे नाही, शिडी मोडलीय. — हे बघा मामा, आपण दोघं शहाणी माणसं आहोत. आज या गावात लग्न एकच आहे. तुमच्या त्या उग्लेशाचं आणि माझ्या डुन्याचं. मी वधूपिता, आणि वधूपिता रविवारी दुपारी दुकान उघडून बसलाय, कारण त्याला लग्नाला जायचं नाही. झालं, बोललो. आता तोंड उघडं टाकू नका, माशा आहेत.

का म्हणजे? तुमचा भाचा हातात पाना कसा धरतो बघितलंय का? फुलासारखा! मी त्याला म्हटलं, तेरा नंबर दे — त्याने मला विचारलं, “तेरा कुठे लिहिलंय?” पान्यावर लिहिलंय, बाळा, पान्यावर! आणि हा माझ्या मुलीला घेऊन मारिबोरला चाललाय, तिथे म्हणे त्याची ऑफिसची नोकरी आहे, घर आहे, बाल्कनीतून नदी दिसते. इथे नदी नाही का? ही काय पुलाखालून वाहतेय ती? आमची डुन्या या दुकानात वाढली. आई गेल्यापासून शाळा सुटली की इथेच. शेंबूड पुसायला शिकली त्याच्या आधी कार्ब्युरेटर पुसायला शिकली. गिऱ्हाइकं मला ओलांडून तिला विचारायची. मग आता दुकान कोण बघणार? मांजर? — ते जाऊ द्या. मुद्दा पान्याचा आहे. मी तत्त्वासाठी बसलोय. ती पंधरा दिवसांपूर्वी तिच्या आत्याकडे राहायला गेली, जाताना दारात म्हणाली, “बाबा, हात धरून घराबाहेर न्यायला मला भाऊ नाही. घरातून मी एकटी निघेन, पण चर्चच्या पायऱ्या एकटी चढणार नाही आणि दुसऱ्या कुणाच्या हाताला धरूनही चढणार नाही. बघ बुवा काय करतोस.” मी काय म्हटलं? मी म्हटलं, दार लावून घे, मांजर बाहेर जाईल.

चला, जॅक लावू. पट्टा वर खोचा, मामा, आणि तो ठोकळा मागच्या चाकाला लावा. मानाच्या माणसाला वाकावं लागतंय, पण तुमच्या मानापेक्षा माझी मान महत्त्वाची, मी खाली जाणार आहे. मघाशी तुतारीवाले इथूनच गेले, पुलावरून. असे वाजवत होते की माझ्या शेल्फवरचे नट नाचायला लागले. गाड्यांची रांग गेली, हॉर्न वाजवत, सगळ्या गाड्यांना लग्नाचे टॉवेल बांधलेले — आणि मी कुठे होतो? मी शटरच्या आत होतो, अर्धं खाली ओढून. मला दिसलंच नाही तिने कुठला पोशाख घातलाय. पांढरा होता. बाह्या लांब. केसांत काही नव्हतं, तिला आवडत नाही केसांत काही. — असं लोक म्हणतात.

हं, आता चाक फिरवा हाताने. सावकाश. न्यूट्रल आहे ना? फिरवा. …खस्स. ऐकलंत? अजून एक फेरी. …खस्स. दर फेऱ्याला एकदा. चाकात नाही हा आवाज, आतल्या बाजूला आहे, एक्सलवर. गिअरबॉक्समधून चाकाकडे जो दांडा जातो ना, त्यावर. आणि लोखंडाला लोखंड घासल्याचा नाही. लोखंड किंचाळतं. हे कुजबुजतंय. काहीतरी मऊ आहे. कुत्रंबित्रं तर नाही ना चिरडलंत, मामा? थट्टा केली हो. बॅटरी द्या इकडे. अहो, याच्या पोटाखालचं प्लास्टिकचं ताट कुठाय? इंजिनखालचं झाकण! नाहीच? अशी उघडी पोटं घेऊन फिरता तुमच्याकडे? — बघू… हं. मिळालं. फडकं आहे. एक्सलला असं गच्च गुंडाळलंय जसं काही कुणी हौसेने बांधलंय, आणि त्याचा गोळा गिअरबॉक्सच्या अंगाला घासतोय. सांध्यावरचा रबरी बूट वाचलाय, नशीब तुमचं. चाकू द्या — नाही, थांबा, चाकू नको, सुटतंय. उलटं फिरवा चाक. उलटं, मामा, उलटं! हां… येतंय… येतंय… आलं. वऱ्हाडाच्या गाडीला बांधलेला टॉवेल, दुसरं काय. बाजारातले ते नायलॉनचे, डिंकाने झालर चिकटवलेले, दोन खड्डे लागले की…

…

नाही, काही नाही. डोळ्यात ग्रीस गेलं.

हा नायलॉनचा नाहीये. हा मागावरचा आहे. हे बघा, लाल कोंबडे. एक, दोन — आणि हा तिसरा, बिनशेपटीचा. विडाने भरलेत हे कोंबडे, माझ्या बायकोने. शेवटच्या हिवाळ्यात, खाटेला टेकून बसायची आणि टाके घालायची, डुन्याच्या लग्नात लागतील म्हणून. डुन्या तेव्हा दुसरीत! मी म्हणायचो, अगं हा कोंबडा आहे की बटाटा? ती म्हणायची, उद्या शेपूट लावते. — तेवढंच राहिलं. हा एकच टॉवेल झाला तिच्या हातून, आणि तो पेटीत होता. आणि पेटी माझ्या घरात आहे. आणि पेटीला कुलूप आहे. डुन्याने जाताना किल्ली मागितली होती, मी म्हटलं, हरवली. ही काय, खिशात आहे — हरवलेली किल्ली फार जपून ठेवावी लागते. मग हा बाहेर आला कसा? …कुलपाला हात लावलाच नसेल तिने. मागून बिजागरीच्या पिना ठोकून काढल्या असतील. दार अडलं तर कुलपाशी भांडायचं नाही, बिजागरीकडे जायचं — हे तिला कुणी शिकवलं? मीच! नऊ वर्षांची होती, एका गाडीचा दरवाजा… हसू नका, मामा. चोरी आहे ही. सुबक केलीय, पण चोरी आहे.

आणि तुमच्या गाडीला हा बांधला कुणी? तिने स्वतः? पुढे, बंपरखालच्या कडीला? आरशाला का नाही? सगळी दुनिया आरशाला बांधते! …एक मिनिट. कडीला हे टोक अजून आहे बघा. ही गाठ पक्की आहे, ट्रकने ओढलं तरी हलणार नाही. आणि हे दुसरं टोक, हे सरकगाठीचं होतं, इथे सुरकुती दिसतेय — पहिल्या खड्ड्याला सुटणारी. एक टोक राहील, एक सुटेल, कापड पोटाखाली जाईल आणि एक्सल त्याला ओढून घेईल. आणि ते झाकण… ते झाकण कधी काढलं? आज सकाळी? कुणी? — केसांना रोलर लावलेली नवरीमुलगी अंगणात तुमच्या गाडीखाली आडवी झाली, “मामा, हे सैल झालंय, रस्त्यात पडेल” म्हणाली, आणि तुम्ही उभे राहून बघत होता? आणि आवाज आला तर पुलापाशी दुकान आहे, म्हातारा शिव्या देतो पण काम जाणतो — हेही तिनेच सांगितलं असेल! तुम्ही सगळं माहीत असून मला “खस्स खस्स” करून दाखवलंत! बूट फाटला असता म्हणजे? सांधा गेला असता म्हणजे? मी तिला शिकवलं होतं दुरुस्त करायला!

…फोन वाजतोय तुमचा. घ्या ना. मी ऐकत नाहीये, मी पाने पुसतोय.

काय म्हणतात? — पोचले सगळे? बरं झालं. — मग काय खोळंबलंय? — ती गाडीतून उतरत नाही? नाही म्हणजे? चर्चच्या दारात? पाद्री बाहेर येऊन उभा, तुतारीवाल्यांनी दोनदा सगळी गाणी वाजवून संपवली, तुमचा भाचा पायरीवर हात चोळतोय, आणि ही आत बसून काय म्हणते? …“मामांची गाडी आल्याशिवाय मी खाली पाय ठेवणार नाही.” असं म्हणाली? मामांची गाडी. मामा नाही, मामांची गाडी. आणि तुम्ही काय सांगितलंत त्यांना — काम चालू आहे? काम झालं की! केव्हाच झालं. हात कशाला चोळतोय तो बावळट, तिला ऊन लागत असेल गाडीत.

उठा. राकिया राहू द्या, मांजर बघेल. ठोकळा काढा. टॉवेल इकडे द्या — नाही, धुवायचा नाही, असाच घडी करून ठेवा पुढे, काचेपाशी, कोंबडे वर. आणि कुठे निघालात तिकडून? पलीकडून बसा, पलीकडून. चाव्या. आवाज गेला की नाही हे चालवून बघितल्याशिवाय मी गाडी दुकानातून सोडत नाही, कुणाचीच नाही, पाद्रीबाबांचीही सोडली नव्हती. चाचणी म्हणजे चाचणी. चर्चपर्यंत चढ आहे, वर पायऱ्यांपाशी रस्ता खराब आहे, तिथेच खरं कळेल. तिथून मी परत येईन चालत, मला काय.

ती दुसरी काडी काढा बाहेर, चुरगळेल तुमच्या खिशात. इथे लावा, डाव्या बाजूला. हात पुसले नाहीत अजून माझे, म्हणून तुम्हीच लावा. टोचू नका.

आता गप्प बसा, मामा. एक शब्द नको. मला ऐकू द्या.