तीन मीटरच्या खालचं शहर

हॅलो? …हॅलो, ताई? अगं, आत्ता नको ना! उद्घाटन आहे. आयुक्त बाहेर हॉलमध्ये येऊन बसलेत… हो, आमच्या त्या शहराच्या नकाशाचंच. नकाशा नव्हे गं, अख्खं शहर. घरं, रस्ते, झाडं, सगळं पडद्यावर उभंच्या उभं. दोन वर्षं डोळे फोडलेत मी त्याच्यापायी… अगं ऐक ना, तासाभराने करते…

काय? कोण आलंय? …बुलडोझर? तुझ्या दुकानासमोर? …हो, हो… रडू नकोस. आधी नीट सांग. मुकादम काय म्हणतोय? …'मोकळा प्लॉट सपाट करायचाय'? अगं, पण तू आत बसलीयेस ना? …मग म्हणावं, डोळे उघडून बघ! …काय? टॅबमध्ये दिसत नाही?

थांब. टॅबमध्ये म्हणजे… आमच्या मॉडेलमध्ये? …फोन दे त्याला.

नमस्कार, मुकादमसाहेब. मी पालिकेच्या नकाशा विभागातून बोलतेय. अहो, तुमच्यासमोर शिवणकामाचं दुकान आहे की नाही? …टॅबमध्ये नाही हो, समोर! समोर! …बाई दिसतेय, शिलाई मशीन दिसतंय, पण सिस्टीममध्ये नाही. बरं. म्हणजे माझी बहीण हवेत बसून कपडे शिवतेय? …नाही, नाही, चिडत नाहीये मी. द्या तिला.

ताई, ऐक. ओरडू नकोस पण… ते मीच पुसलंय. …अगं, मुद्दाम कशाला पुसेन! त्याचं असं आहे, प्रत्येक घराचं चित्र आमचा सर्व्हर काढतो आणि तयार चित्र टॅबवर पाठवतो. टॅबला स्वतःचं डोकं नसतं, येईल ते दाखवतो… हो, मुकादमासारखाच. तर एवढं सगळं काढताना सर्व्हर रडायला लागला. म्हणून मी नियम लावला, तीन मीटरपेक्षा बुटकं काही काढायचंच नाही. कोंबड्यांची खुराडी, पंपाच्या खोल्या… आणि तुझं दुकान. हो. …लक्षातच आलं नाही गं! त्याच दुकानाच्या जिवावर मी शिकले आणि मीच… घाल, शिव्या घाल. पण दारातून हलू नकोस.

नियम काढता येतो गं, पण मग सगळं शहर पुन्हा मांडायला सहा तास. थांबेल का तो? …चहा पिऊन येतो म्हणाला? म्हणजे दहा मिनिटं आहेत. थांब, माझ्याकडे तयार इमारती आहेत, त्यातली एखादी उचलून ठेवते. शाळा… नको, मैदान लागतं. दवाखाना… फार रुंद आहे, तुझ्या शेजारच्या किल्लीवाल्याच्या अंगावर जाईल. फायर स्टेशन! बसलं बघ फिट्ट. …कळतंय मला खोटं आहे ते! खरं त्याला दिसत नाही, मग खोटं तरी दिसू दे!

आला का? …म्हणावं, एकदा रिफ्रेश करा. …दिसलं? काय म्हणाला? …'सरकारी इमारतीला हात लावता येत नाही'? वा! …तुला सलाम ठोकला? बघ बाई, दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाचं चीज झालं.

हं, ठेवू आता? …काय? कुठे वळला? …अगं बाई, ती सगळी ओळच बुटकी! किती दुकानं आहेत? किल्लीवाला, चांभार, सायकलवाले काका… तुझं सोडून दहा? …हो, हो, 'माझं वाचलं म्हणून गप्प बसू का' हे ऐकवू नकोस, लावतेय. कॉपी, पेस्ट… कॉपी, पेस्ट… घे. अकरा फायर स्टेशनं, ओळीने. रिफ्रेश कर म्हण… गेला? बुलडोझर घेऊन? नक्की? हुश्श!

थांब, थांब. बाहेर टाळ्या पडताहेत. …अय्या, ताई! मोठ्या पडद्यावर तुमचीच गल्ली! सर्व्हर एकच ना गं, मी बदललं की सगळीकडे तेच दिसतं. आयुक्त बोटाने मोजताहेत… मेले मी आता. …नाही, नाही, हसताहेत! 'आपली तयारी बघा' म्हणताहेत! फोटो काढून घेताहेत…

हसू नकोस गं, मलाही येतंय… एक मिनिट. गप्प. ऐकू दे.

…अगं, ते म्हणताहेत, एका गल्लीत अकरा असताना मंडईजवळचं कशाला हवं? बंद करा. …खरं! खरं फायर स्टेशन गं, खऱ्या बंबांचं! …कागद मागवलाय. सही करणार म्हणे, सगळ्यांसमोर.

नाही ताई, हे नाही चालणार. उद्या कुठे पेटलं तर त्या अकरांतून कोण धावणार, तू आणि चांभार? …हो. जाते. आत्ताच सांगते, भर हॉलमध्ये. …दुकानांचंही सांगते. अकराच्या अकरा. तिथे माणसं बसतात, म्हणावं. …घाबरलेय गं. …नोकरी? जाईलच बहुतेक.

ताई… काजं-बटणं करायला घेशील ना मला?

…हो? मग ठेवते.