रानगवा-दोन

देवरीच्या स्टँडवर टेकचंद चिचगडच्या बसची वाट पाहत होता. गव्याचा मुखवटा घालून 'रानगवा' नावानं रॅप करणारा तोच, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी स्नेहल आणि राजदीप ही कॉलेजची दोन पोरं त्याचाच नवा अल्बम ऐकत होती. टेकचंदनं कान टवकारले.

"फुसका निघाला बे 'रानगवा-दोन'," स्नेहल म्हणाली.

"काऊन? बीट तं जबरदस्त आहे."

"पयल्या अल्बमात 'काऊन' म्हणे, आता 'का' म्हणून राहिला. पुण्याले चरून आला वाट्टे."

"स्टुडिओवाल्यानं सांगतलं असंल."

"मंग गवा कायचा? डेअरीतली म्हैस झाली!"

टेकचंदला राहवेना. "अहो, मीच रानगवा आहे!"

स्नेहलनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गप बसा, दादा. रानगवा असते तं 'मीच आहे' नाई, 'मीच आहो' म्हणले असते."