चौथी पेटी

लढाईमुळे साखर रेशनवर आली होती. राजपुऱ्यातल्या दुकानापुढच्या रांगेत माझ्यापुढे मधमाश्या पाळायला शिकवणारे एक मास्तर होते आणि त्यांच्यापुढे जसोंडीची एक बाई.

“सोजरबाई, मधमाश्यांच्या चार पेट्या दिल्या होत्या तुम्हाला. तीन मेल्या म्हणता?”

“मेल्या, मास्तर. सूपभर माश्या झाडून काढल्या.”

“पावसाळ्यात खायला काय दिलंत? खरं सांगा.”

“गुळाचं पाणी.”

“अहो, गुळानं हगवण लागते त्यांना! शक्कर द्या म्हणून दहादा सांगितलं होतं.”

“पोरांना शक्कर भेटत नाही, माश्यांना कुठून देऊ?”

“ते मला सांगू नका. निष्काळजीपणा झाला, असाच रिपोर्ट देईन मी. चौथी पेटी परत करा.”

“चौथी तर माश्यांनी गच्च भरलीय.”

“तिला गूळ नाही दिलात?”

“काहीच नाही दिलं. तिच्या माश्या भलत्या चावऱ्या. मध काढायला गेले, तर ह्यांचा डोळा सुजला. तेव्हापासून कोणी हात नाही लावला.”

“म्हणजे तिचा मध...”

“तिच्यातच आहे. बाकी तिघींचा तुम्ही उभं राहून काढायला लावला, मास्तर. थेंबभर ठेवू दिला नाही. हे पण लिहा रिपोर्टात.”